गेंड्याचा ब्लॉक : आवाहनाच्या मराठीविषयी काही निरीक्षणे

मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात मी अठराव्या वर्षी लागलो आणि पुढची अकरा वर्षं तिथंच काढली. आधी खिळे जुळवायचो, मग प्रुफं वाचू लागलो. शिक्षण बारावीवर थांबलं. पुढचं वाचन झालं ते छापायला आलेल्या मजकुराचं, आणि संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांचं. छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत बाजूला काढून ठेवायची खोड तेव्हाच लागली. आज माझ्याकडे अशी पत्रकं, स्मरणिका, पावतीपुस्तकं यांनी भरलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. माझं जे काही संशोधन आहे ते या पेट्यांवर उभं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्या छापखान्यात जस्ताच्या ब्लॉकांचा एक खण होता. गणपती, कलश, शुभविवाहाचे हात, नांगर धरलेला शेतकरी, बैलजोडी, वाघ, आणि एक गेंडा. गेंडा कुणी कधी करून घेतला होता ते मालकांनाही आठवत नव्हतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये वन्यजीव सप्ताहासाठी एका संस्थेचं पत्रक आलं, ‘गेंडा वाचवा’. ब्लॉक आयताच होता, तो वापरला. मजकूर मीच थोडा फुलवून दिला, कारण आलेला कागद अपुरा होता. पुढं एका निवडणुकीत प्रभागातल्या खड्ड्यांवरून सत्ताधाऱ्यांना झोडपणारं पत्रक आलं. त्यात ‘गेंड्याच्या कातडीचे’ हे विशेषण तीनदा होतं. मालक म्हणाले, “गेंडा हाय की आपल्याकडं, टाका.” तोच ब्लॉक, तेच ट्रेडल मशीन, तीच काळी शाई. एका पत्रकात तो दयेला पात्र होता, दुसऱ्यात निर्लज्जपणाचं चित्र. दोन्ही पत्रकं पेटीत शेजारी शेजारी आहेत. या लेखाचा विषय त्या दोन कागदांमधून निघालेला आहे : नष्ट होणाऱ्या प्राण्यासाठी लोकांकडे पैसे आणि लक्ष मागताना आपण कोणतं मराठी वापरतो, आणि ते मराठी काम करतं का?

आधी वाक्प्रचाराचं पाहू. मराठीत गेंडा जिवंत आहे तो जवळजवळ फक्त त्याच्या कातडीपुरता. वाघाला म्हणी आहेत, लांडग्याला गोष्टी आहेत, कोल्ह्याला तर अख्खं पंचतंत्र आहे. गेंड्याला एक शिवी. यात ऐतिहासिक तथ्य आहे. गेंड्याच्या कातड्याच्या ढाली आपल्याकडे नावाजलेल्या होत्या. तलवारीचा वार पेलणारं कातडं ही गेंड्याची ओळख मराठी माणसाला प्राणी न पाहताच झाली असावी. जिवंत गेंड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्या कातडीच्या घड्यांमध्ये रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, डास-माश्यांचा त्याला त्रास होतो, ऊन सोसत नाही, म्हणून तो तासन् तास चिखलात नाहीतर पाण्यात पडून राहतो. डोळ्यांनी अधू, पण कान आणि नाक अतिशय तिखट. म्हणजे ज्याला काहीच लागत नाही असं आपण म्हणतो, त्याला बरंच काही लागतं. ढालीचा गुण आपण जनावराला चिकटवला.

ही चूक एकट्या मराठीची नाही, आणि गंमत म्हणजे युरोपातली तशीच चूक आपल्या शेजारून, गोव्याहून निघालेली आहे. १५१४ साली गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो राजा मॅन्युएलकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेलं ते जनावर २० मे रोजी लिस्बनला उतरलं. युरोपात तिथं त्याला ‘गंडा’ म्हणत, म्हणजे आपलाच शब्द समुद्र ओलांडून गेला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो गेंडा कधी पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं रेखाटन आणि वर्णन यांवरून त्याने लाकडी ठसा कोरला. त्यातल्या गेंड्याच्या अंगावर लोहारानं ठोकून बसवावेत असे चिलखताचे पत्रे आहेत आणि पाठीवर, खांद्यापाशी, एक जास्तीचं छोटं शिंग आहे. पुढं दोन-अडीचशे वर्षं युरोपातली पुस्तकं तोच गेंडा छापत राहिली. खरा गेंडा १५१६ च्या सुरुवातीला पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बुडाला. ठसा टिकला, जनावर गेलं. छापखान्यातल्या माणसाला या गोष्टीत आपल्या धंद्याचं पाप दिसतं.

आणि महाराष्ट्रात गेंडा कधी ‘आपला’ नव्हताच असंही नाही. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली चार ब्राँझ वस्तू सापडल्या : हत्ती, रेडा, बैलांचा रथ हाकणारा माणूस, आणि चाकांवर उभा गेंडा. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण ते ओतणाऱ्याला गेंड्याच्या अंगाच्या घड्या ठाऊक होत्या हे उघड दिसतं. सांकलियांच्या चमूला उत्तर गुजरातेत लांघणज इथं गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. बाबराने सिंधूकाठी गेंड्याची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. आज हा प्राणी भारत आणि नेपाळ मिळून चार हजारांच्या आसपास उरला आहे, तोही मुख्यतः आसामात. आपल्याकडे उरली ती शिवी आणि दायमाबादचं ब्राँझ.

आता आवाहनाकडे येतो. प्राण्यासाठी जनतेकडे थेट पैसे मागण्याच्या आधुनिक प्रकाराची सुरुवात एका गेंड्यापासूनच झाली असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ९ ऑक्टोबर १९६१ रोजी लंडनच्या ‘डेली मिरर’ने पहिल्या पानावर काळा गेंडा आणि त्याचं पिल्लू यांचं मोठं छायाचित्र छापलं आणि माणसाच्या मूर्खपणामुळे हा प्राणी पृथ्वीवरून नाहीसा होणार आहे असं खडसावून सांगितलं. तेव्हा ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ नुकताच स्थापन झाला होता. काही दिवसांत त्याच्याकडे साठ हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमली, असा आकडा दिला जातो. त्या संस्थेने चिन्ह म्हणून पांडा का घेतला याची कारणं सांगताना संस्थापकांनी एक कारण असंही सांगितलं की काळ्या-पांढऱ्या प्राण्याची छपाई स्वस्तात होते. हे वाचलं तेव्हा मला आमचे मालक आठवले. ब्लॉक हाय की आपल्याकडं.

‘मिरर’च्या त्या पानाचं मी मुद्रितशोधक म्हणून बरंच कौतुक केलं आहे. त्यात गुन्हेगार कोण हे सांगितलं आहे : तुम्ही-आम्ही. काय करायचं हे सांगितलं आहे : पैसे पाठवा. पण त्या पानापुढची हकीकत आवाहनं लिहिणारे सांगत नाहीत. १९७० च्या सुमारास आफ्रिकेत काळे गेंडे पासष्ट हजारांच्या घरात होते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अडीच हजारही उरले नाहीत. म्हणजे इतिहासातल्या सर्वांत यशस्वी पत्रकानंतर पस्तीस वर्षांत ते ज्याच्यासाठी काढलं तो प्राणी जवळजवळ संपला होता. आज तो पुन्हा सहा हजारांच्या वर आला आहे. त्यामागे पैसा आहेच, पण तो पहारा, जागा, स्थानिक जमीनदार आणि गावं यांच्यामार्फत खर्च झालेला पैसा आहे. आपल्या काझीरंग्याचा आलेख उलट दिशेने गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं मोजकेच गेंडे होते. १९०५ पासून जंगल राखीव करण्याची सुरुवात झाली, १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले. ते वाचले ते रात्री बंदूक घेऊन गवतात फिरणाऱ्या रक्षकांमुळे. त्या बंदुकांवरून वादही झाले आणि ते वाद खोटे नव्हते. पत्रकाचा वाटा किती, हे मोजायला माझ्याकडे माप नाही. पण पत्रकाने प्राणी वाचतो हे गृहीत धरून लिहायला बसू नये, एवढं या दोन आलेखांवरून मला पटलं.

माझ्या १९९२ च्या पत्रकाकडे वळतो, कारण दुसऱ्यांच्या कागदावर टीका करण्याआधी स्वतःचा कागद उघडा करावा. त्यात मी दोन वाक्यं भर म्हणून घातली होती. एक, गेंड्याचं शिंग पौरुष वाढवण्यासाठी वापरतात. दोन, त्याला सोन्याहून जास्त भाव मिळतो. पहिलं मी कुठल्यातरी साप्ताहिकात वाचलं होतं, दुसरं ऐकलं होतं. शिंगाच्या व्यापाराचा अनेक दशकं बाजारात फिरून अभ्यास करणारे एस्मंड ब्रॅडली मार्टिन यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं की चिनी औषधपरंपरेत शिंगाचा मुख्य उपयोग तापावर होता. कामोत्तेजक ही बहुतांशी पाश्चात्त्य वर्तमानपत्रांची आवडती कथा. येमेनमध्ये शिंग जात होतं ते खंजिराच्या मुठीसाठी. व्हिएतनाममध्ये २००० नंतर मागणी उसळली ती कर्करोग बरा होतो या अफवेमुळे. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचं द्रव्य. मार्टिन यांचा फेब्रुवारी २०१८ मध्ये नैरोबीच्या घरात खून झाला. तेव्हाच्या बातम्या वाचताना मी पेटी उघडून माझं पत्रक काढलं. दोन हजार प्रती छापल्या होत्या, शाळाशाळांतून वाटल्या होत्या. म्हणजे दोन हजार घरांत मी शिंगाची फुकट जाहिरात पोचवली होती : गुण आणि भाव, दोन्हींसह.

ही एकट्याची चूक असती तर सोडून दिलं असतं. पण पेट्यांमधली प्राणिरक्षणाची पत्रकं आणि स्मरणिकांमधले लेख चाळले की तेच दोन ‘रंजक’ तपशील पुन्हा पुन्हा भेटतात. वाघनख, खवल्या मांजर, मांडूळ, कासव. प्रत्येकाबद्दल पहिली माहिती असते ती बाजारभावाची. मांडुळाच्या बाबतीत तर मी ठामपणे म्हणेन की ‘कोट्यवधींचं मांडूळ’ या बातम्यांनीच गावोगावची पोरं मांडूळ शोधायला रानात उतरली. आवाहन लिहिणाऱ्याला वाटतं, किंमत सांगितली की महत्त्व कळेल. वाचणाऱ्याला फक्त किंमत कळते.

दुसरी सवय ‘शेवटचा’ या शब्दाची. जगभर ती आहे. ‘सुदान’ हा उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये केनियात मेला. त्याआधी वर्षभर निधीसाठी त्याचं नाव लग्न-जुळवणीसारख्या ‘टिंडर’वर घातलं होतं. कल्पना चतुर होती. पण ती सुचली तेव्हा त्याच्या दोनच नातलग माद्या शिल्लक होत्या. शेवटच्यासाठी मन हेलावतं, शेवटून शंभराव्यासाठी हेलावत नाही, आणि वाचवणं शक्य असतं ते शंभर असतानाच.

आपल्याकडे याचं उदाहरण सोलापूरजवळ आहे. नान्नजच्या माळावर १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णींनी माळढोक पाहिले, त्यांच्याबद्दल लिहिलं, पाठपुरावा केला. त्यातून १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. लिहिण्याने काही घडतं याचा मराठीतला हा मोठा दाखला आहे. पण अभयारण्यात गावं, शेतं, शहरं सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी गेलेले होते. अलीकडे तिथं एखादी मादी दिसली तरी बातमी होते. या साऱ्या काळात माळढोकावर मराठीत भरपूर लेखन झालं. ते मी जमवलं आहे. त्यातल्या बहुतेकांचा सूर हळहळीचा आहे : माळावरचा राजा, एकाकी, मुका, चालला. ज्या शेतकऱ्याचा सातबारा अडकला त्याच्याशी बोललेला लेख माझ्या पेटीत एकच आहे, तोही एका शेतकी मासिकातला. पक्ष्याबद्दल जनजागृती करायची तर ज्याच्या ज्वारीत तो उतरतो त्याच्याशी बोलावं, हे आपल्या भाषेला सुचलं नाही. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी गोळा करून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे. देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरल्याचं सांगतात. नान्नजला पुन्हा कधी माळढोक आलेच, तर ते सातबारावाले तिथंच असतील.

‘जनजागृती’ हा शब्दच मला खटकतो. त्यात जन झोपलेला आहे आणि आपण जागे आहोत हे गृहीत आहे. काही वर्षांपूर्वी राधानगरी तालुक्यातल्या एका गावात गव्यांविषयीच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. हे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते ‘दाजीपूर गवा अभयारण्य’ झालं, राज्यातलं सर्वांत जुनं. आज राधानगरी पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. कार्यक्रमाचा फलक होता ‘गवा जनजागृती अभियान’. मागच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी मला जागा मिळाली. फलकाकडे बोट करून त्यांनी विचारलं, “पाव्हणं, हे जागं कुणाला करायला आल्यात?”

मी म्हटलं, “आपल्यालाच की, मामा.”

“आम्ही झोपतोय कवा? तीन म्हैनं झालं, उसाच्या राखणीला रात रात बसतोय. गवा कवा येतो, कुठनं येतो, किती येत्यात, ह्यास्नी इचारायचं असंल तर सांगतो म्हणावं.”

त्यांना कुणी विचारलं नाही. दीड तास पडद्यावर गव्याचं वजन, उंची आणि शास्त्रीय नाव सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दीने पळवून पळवून मेला, त्याचीही चित्रं दाखवली. ती पाहून सभागृहात हळहळ झाली. मामा शांत होते. नंतर म्हणाले, “शेरात येकदा आला तर येवढा कालवा. हितं रोज येतोय.”

ललित साहित्याकडे पाहिलं तर चित्र वेगळं आहे आणि थोडं अवघडही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीची गोष्ट माणसाचा रंग न लावता सांगितली. मारुती चितमपल्ली तर आयुष्यभर रानाचे शब्द गोळा करत राहिले. ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी घडवले, आदिवासींकडून नावं ऐकली आणि पुस्तकात आणली. जून २०२५ मध्ये ते सोलापुरात गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या प्रत्येक लेखात त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हटलं गेलं. मला त्यांच्याबद्दल ऋण वाटतं. पण एक गोष्ट नोंदवतो. या परंपरेने मराठी वाचकाला रान पाहायला शिकवलं, रानाबद्दल मागायला किंवा द्यायला शिकवलं नाही. तिचं ते कामही नव्हतं. अडचण अशी झाली की आवाहनं लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी भाषा मात्र तिथूनच उसनी घेतली. पत्रकात ‘निबिड अरण्य’, ‘रानवाटा’, ‘हिरवं स्वप्न’ आलं. कोणती जमीन, कुणाच्या ताब्यात, पहारेकऱ्याचा पगार किती थकला, हे आलं नाही. चितमपल्लींच्या गद्यात प्रत्येक नावामागे कुणीतरी दाखवलेलं झाड असतं. आमच्या पत्रकात नुसतं गद्य राहिलं.

अभिमानाचं साहित्य हा याचा दुसरा अवतार, आणि तो आमच्या कोल्हापुरी अंगात जास्त मुरलेला. इथं कुणाही जुन्या माणसाशी बोला, साठमारी, हत्ती आणि शिकारी चित्ते निघाल्याशिवाय राहत नाहीत. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा, काळवीट दिसलं की टोपी काढायची. या आठवणी छापलेल्याही पुष्कळ आहेत आणि वाचायला सुरेख आहेत. त्यांत एक तपशील सहसा नसतो : विसाव्या शतकात पाळलेले हे चित्ते बरेचसे आफ्रिकेतून विकत आणलेले होते. दिव्यभानुसिंह यांनी ‘द एंड ऑफ अ ट्रेल’ या १९९५ च्या पुस्तकात संस्थानांचे पुरावे तपासून दाखवलं की १९१८ ते १९४५ या काळात आफ्रिकेतून सुमारे दोनशे चित्ते भारतात आले. कोल्हापूर आणि भावनगर ही त्यांतली ठळक नावं. देशी चित्ता मिळेनासा झाला म्हणून बाहेरचा आणावा लागला. म्हणजे ज्याला आपण वैभवाची खूण म्हणतो ती टंचाईची पावती होती. १९४७ मध्ये कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले, १९५२ मध्ये चित्ता भारतातून गेल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला नामिबियाचे चित्ते उतरले, तेव्हा इथल्या गप्पांत ‘आपल्या महाराजांचे चित्ते’ पुन्हा निघाले. पहिल्यांदा आफ्रिकेतून चित्ते आले त्यालाही शंभर वर्षं झाली, हे कुणाच्या बोलण्यात नव्हतं. छत्रपतींच्या कर्तृत्वाला यानं काही उणेपण येत नाही. आठवणी सांगणाऱ्याने हिशेब पुरा सांगावा, इतकंच म्हणणं आहे.

हिशेबावरून पैशाच्या शब्दांकडे. मराठीत देण्याला किती शब्द आहेत : दान, देणगी, मदत, निधी, वर्गणी. यांचं वजन सारखं नाही. दान देणाऱ्याला पुण्य मिळतं आणि पुढं काय झालं ते विचारायचं नसतं. देणगी वरून खाली येते, आणि देणगीदाराचं नाव फरशीवर कोरतात. निधी सरकारचा असतो. तो ‘मंजूर’ होतो, ‘वळवला’ जातो, ‘परत’ जातो. वर्गणी मात्र बरोबरीच्यांची असते. तालमीची वर्गणी, गणपतीची वर्गणी, गल्लीच्या हौदाची वर्गणी. ज्याने पाच रुपये दिले तोही मंडळाच्या बैठकीत उभा राहून विचारतो, “मांडवाला एवढं कसं लागलं?” भांडणं होतात, पण फळ्यावर हिशेब लागतो. माझ्या पेट्यांतल्या प्राणिरक्षणाच्या कागदांत दान आहे, मदतीचा हात आहे, ‘खारीचा वाटा’ तर प्रत्येक दुसऱ्या पत्रकात आहे. ‘वर्गणी’ जवळजवळ नाहीच. मला हा योगायोग वाटत नाही. वर्गणी म्हटलं की हिशेब द्यावा लागतो.

या बाबतीत मला वेळासचा प्रयोग वाचण्यासारखा वाटतो. ‘वाचण्यासारखा’ हे मुद्दाम म्हणतो. नाना फडणवीसांच्या या गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने, भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी, २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी नेली जात होती, ती थांबवून कुंपणात उबवायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची. २००६ पासून ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पाहायला येणारे गावातल्या घरांत राहतात, तिथंच जेवतात, पैसे त्या घरांना देतात. महोत्सवाच्या निमंत्रणांची भाषा पाहा. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण ती दिसतीलच असं नाही, हे त्यात सांगितलेलं असतं. कासवाच्या अश्रूंबद्दल काही नसतं. जेवण कसलं, खोली कुठं, रस्ता कोणता, हे असतं. मराठी आवाहनाच्या शंभर वर्षांत इतकं कोरडं आणि इतकं कामाचं गद्य मी थोडंच पाहिलं. इथं देणारा दान करत नाही; तो वरण-भाताचे पैसे देतो, आणि ते पैसे वाळूवर पहारा ठेवतात. सगळं गोड आहे असं नाही. गर्दी वाढली की किनाऱ्यावर उजेड आणि कचराही वाढतो, आणि कासवाला तो सोसत नाही. शिवाय कासवाचं पिल्लू देखणं असतं, हाही त्याच्या नशिबाचा भाग. आमच्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ राहतं, रॉटन यांच्या नावाचं. १९१३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि त्यानंतर अनेक दशकं जगात त्याचं तेवढंच ठिकाण माहीत होतं. त्याच्यासाठी पत्रक काढायचं तर छायाचित्र कोणतं छापायचं, हा प्रश्न मी एका तरुण अभ्यासकाला विचारला. तो म्हणाला, “काका, गुहेचं छापायचं.” उत्तर मला आवडलं.

१९९२ च्या त्या पत्रकाबरोबर पावतीपुस्तकंही आमच्याच छापखान्यात छापली होती. एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये. मी स्वतः आमच्या भागातल्या तीन शाळांत फिरलो. पोरांनी खाऊचे पैसे दिले. एका मुलीने गल्ल्यातली सगळी नाणी एका हातरुमालात बांधून आणली होती. तिची पावती अठरा रुपयांची झाली, वेगवेगळ्या पावत्या जोडून. माझ्या हातून एकंदर एक हजार एकशे बेचाळीस रुपये त्या संस्थेकडे गेले. पैसे आसामला जाणार होते. ते गेले की नाही, हे मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ‘पाठवतोय’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्यांदा संस्थेचं दार बंद होतं. त्याच दशकात मानसमधले गेंडे पार संपले. २००८ पासून पोबितोऱ्याहून आणून ते तिथं पुन्हा सोडावे लागले. आमच्या अकराशे रुपयांनी त्यात काही फरक पडला असता असा माझा भ्रम नाही.

मागच्या वर्षी रंकाळ्यावर संध्याकाळी एका चाळिशीच्या बाईंनी मला थांबवलं. “दादा, ओळखलं का? तुम्ही आमच्या शाळेत गेंड्याचे पैसे गोळा करायला आला होता.” मी हातरुमाल आठवून हो म्हटलं. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा होता, सातवीतला असावा. त्यांनी त्याला सांगितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “त्या गेंड्यांचं काय झालं हो पुढं?”

काझीरंग्याचा २०२२ चा आकडा मला पाठ होता, तो सांगितला. मुलाला तो मोठा वाटला. मग त्यानं विचारलं, “आणि आईचे पैसे?”

ते पोचल्याचं मला माहीत नाही, असं मी सांगितलं. पावतीपुस्तकाची स्थळप्रत अजून आहे, तीही सांगितली. बाई हसल्या, “राहू दे की हो दादा, अठरा रुपये तर होते.” मुलगा हसला नाही. त्याला स्थळप्रत पाहायची होती. पुढच्या रविवारी तो आईबरोबर घरी आला. मी पेटी उघडून दिली. त्या पावत्यांवर आईचं लग्नाआधीचं नाव त्याने बोट ठेवून वाचलं, आणि मग पत्रक उलगडून शिंगाच्या भावाचं माझं वाक्य मोठ्याने वाचू लागला.